अंगठा कोठे ठेवावा? : दीर्घ झूमच्या छोट्या कॅमेऱ्याचा रचनाविचार

कोटाच्या खिशात मावणारा, भिंग बदलण्याची सोय नसलेला आणि तरीही पायथ्याशी उभे राहून डोंगरमाथ्यावरच्या देवळाचा कळस चौकटीत आणून देणारा जो डिजिटल कॅमेरा, त्याला व्यापारी परिभाषेत 'ट्रॅव्हल झूम' असे म्हणतात. खिसा आणि क्षितिज या दोन टोकांच्या मागण्या एकाच पेटीत बसवण्याचा हा खटाटोप असल्यामुळे त्याच्या रचनेत तडजोडींचे प्रमाण मोठे आहे. मात्र या तडजोडी ठरवण्यासाठी भरलेल्या बैठकीला भिंग, सेन्सर, बॅटरी, पडदा आणि जाहिरात विभाग असे सर्व संबंधित हजर राहिले असले, तरी ज्या मानवी हाताने हे यंत्र धरावयाचे त्याला निमंत्रण गेले नसावे, असे मानण्यास सबळ पुरावा आहे.

या प्रकाराचा आरंभ पॅनासोनिक कंपनीच्या 'ल्युमिक्स डीएमसी-टीझेड१' या २००६ सालच्या मॉडेलपासून धरण्याचा प्रघात आहे. ५ मेगापिक्सेलच्या या कॅमेऱ्याचे भिंग ३५ ते ३५० मिलिमीटरांच्या तोलाचे होते, आणि एवढा लांब पल्ला तोवर ज्यांच्यात मिळत असे ते कॅमेरे गळ्यात अडकवावे लागत. पुढे ही मालिका अमेरिकेत 'झेडएस' या निराळ्या अक्षरांनी व निराळ्या क्रमांकांनी विकली जाऊ लागली, त्यामुळे टीझेड७० आणि झेडएस५० ही एकाच यंत्राची दोन नावे होत, ही गोष्ट न्यू जर्सीतील मुलाकडून कॅमेरा मागवणाऱ्या पुण्यातील वडिलांना पेटी उघडल्यानंतरच कळते, आणि क्रमांकातील २० ची घट पाहून चिरंजीवांनी स्वस्तातला माल पाठवला असा जो त्यांचा ग्रह होतो तो दूर करण्यास पुढची दोन-तीन दूरध्वनी-संभाषणे खर्ची पडतात.

या कॅमेऱ्याच्या अंगावर, बहुधा भिंगाजवळ आणि शक्यतो ठळक अक्षरांत, एक संख्या कोरलेली असते. ती म्हणजे झूमचे पट. भिंगाच्या कमाल नाभीय अंतराला किमान नाभीय अंतराने भागले असता जो भागाकार येतो तो झूमचा पट होय; नाभीय अंतर जितके अधिक तितका दृश्याचा कोन अरुंद आणि वस्तू तितकी मोठी दिसते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे सामान्य वाचकाचे काम भागते. ही संख्या भागाकाराची असल्यामुळे अंश वाढवून जशी ती फुगते तशीच छेद लहान करूनही फुगते. टीझेड१ चे भिंग ३५ ते ३५० म्हणून १० पट, आणि २००७ मधील टीझेड३ चे भिंग २८ ते २८० म्हणून तेही १० पट. म्हणजे नवा कॅमेरा जुन्यापेक्षा ७० मिलिमीटर कमी लांब पाहत असूनही पट जागच्या जागी राहिले आणि कोणाचीही तक्रार आली नाही. व्यावसायिक छायाचित्रकार वाघ-बिबट्यांसाठी २०० ते ६०० मिलिमीटरांचे जे तोफेसारखे भिंग वागवतात ते या हिशेबाने अवघे ३ पट भरते, आणि दुकानात "हा ३० पट आहे" असे ऐकून आलेला गृहस्थ त्या तोफेकडे सहानुभूतीने पाहतो.

पुढचा इतिहास हा प्रामुख्याने या संख्येच्या चढाईचा इतिहास आहे. २००९ च्या टीझेड७ मध्ये १२, २०११ च्या टीझेड२० मध्ये १६, २०१२ च्या टीझेड३० मध्ये २० आणि २०१४ च्या टीझेड६० मध्ये ३० असे पट वाढत गेले; कॅनन कंपनीने २०१६ मध्ये पॉवरशॉट एसएक्स७२० एचएस या मॉडेलात ४० पर्यंत मजल मारली; आणि निकॉनने २०१८ मध्ये १२५ पटांचा, म्हणजे २४ ते ३००० मिलिमीटरांचा कूलपिक्स पी१००० आणून, परंतु त्याचे वजन सुमारे १४०० ग्रॅम ठेवून, खिशाचा प्रश्नच निकालात काढला. त्या कॅमेऱ्याच्या तबकडीवर चंद्रासाठी स्वतंत्र खूण आहे. पृथ्वीवरील प्रेक्षणीय स्थळे संपत आल्याची ही निर्मात्याने दिलेली कबुली समजावी की काय, याविषयी मतभेद संभवतात.

येथे वाचकाला रास्त शंका येईल की, ३० पटांच्या टीझेड६० चे ७२० मिलिमीटर म्हणजे पाऊण मीटरला थोडे कमी, आणि कॅमेरा तर तळहाताएवढा. मग हे मिलिमीटर मावतात कोठे? त्याचे उत्तर असे की ते मावत नाहीत. टीझेड६० च्या भिंगाचे खरे नाभीय अंतर ४.३ ते १२९ मिलिमीटर एवढेच आहे. भिंगामागचा सेन्सर, म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चकती, ही ३६ गुणिले २४ मिलिमीटरांच्या जुन्या फिल्मच्या चौकटीऐवजी सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरांची असते, आणि एवढ्याशा चौकटीत १२९ मिलिमीटरांचे भिंग जेवढा कोन दाखवते तेवढा कोन फिल्मच्या चौकटीत दाखवण्यास ७२० मिलिमीटर लागले असते. या कल्पित भिंगाचा आकडा 'समतुल्य' या विशेषणासह छापला जातो, आणि हे विशेषण इतर मजकुरापेक्षा बारीक टाइपात असते. या सेन्सरचे क्षेत्रफळ फिल्मच्या चौकटीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाचे भरते. ३० पट झूमच्या बदल्यात तिसावा हिस्सा सेन्सर हा निव्वळ योगायोग असला, तरी असा चोख व्यवहार बाजारपेठेत क्वचितच पाहावयास मिळतो.

सेन्सरच्या मापाची तऱ्हा याहून मनोरंजक आहे. या सेन्सरला '१/२.३ इंची' म्हणतात. १ इंचाला २.३ ने भागले तर ११ मिलिमीटर येतात, परंतु प्रत्यक्षात त्याचा कर्ण ८ मिलिमीटरही भरत नाही. उरलेले तीन मिलिमीटर कोठे गेले असे विचारल्यास, दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांत काचेच्या ज्या निर्वात नळ्या असत त्यांचे माप बाहेरच्या काचेसकट घेण्याची पद्धत होती आणि नळ्या नाहीशा झाल्यावरही पद्धत राहिली, असे सांगण्यात येते. अस्तित्वात नसलेल्या नळीच्या काचेची जाडी धरून मोजलेला सेन्सर आणि अस्तित्वात नसलेल्या फिल्मच्या मानाने मोजलेले भिंग, अशा दोन भुतांच्या साक्षीवर या कॅमेऱ्याचे माहितीपत्रक उभे असते. अभयारण्याच्या ज्या फाटकावर भिंगाच्या मिलिमीटरांनुसार कॅमेऱ्याचे शुल्क ठरते, तेथील वनरक्षकाने या यंत्राचे १२९ मिलिमीटरांचे शुल्क घ्यावे की ७२० चे, हा प्रश्न शास्त्राने अद्याप निकाली काढलेला नाही. मालक मात्र दुकानातून बाहेर पडताना ७२० सांगतो आणि फाटकावर १२९.

लहान सेन्सरचा फायदा खोटा आहे असे मात्र नव्हे. खऱ्या फिल्मच्या चौकटीसाठी तेवढ्याच छिद्रमानाचे, म्हणजे लांबीच्या प्रमाणात तेवढेच छिद्र असलेले, ७२० मिलिमीटरांचे भिंग करावयाचे तर त्याच्या पुढच्या काचेचा व्यास ११२ मिलिमीटरांच्या घरात जाईल, आणि येथे ते काम सुमारे २० मिलिमीटरांत उरकले जाते. याची किंमत प्रकाशात चुकवावी लागते. एकूण प्रकाशच थोडा पडतो, त्यात भिंग लांब करताच छिद्रमान एफ/३.३ वरून एफ/६.४ वर येते, म्हणजे येणारा प्रकाश आणखी पावपट उरतो, आणि तेवढ्या प्रकाशाची वाटणी १ कोटी ८० लाख बिंदूंत करावयाची असते. २०१५ मध्ये टीझेड७० काढताना निर्मात्यांनी ही बिंदुसंख्या १८ वरून १२ मेगापिक्सेलवर उतरवली, जेणेकरून प्रत्येक बिंदूच्या वाट्याला थोडा जास्त उजेड यावा. या मालिकेतील हा सर्वांत समंजस निर्णय म्हणावा लागेल. पुढच्याच वर्षी आलेल्या टीझेड८० ने आकडा पुन्हा १८ वर नेऊन ठेवला.

आता भिंगाच्या नळीकडे वळू. कॅमेरा बंद असताना ही नळी अंगात शिरून बसते आणि सुरू करताच दोन-तीन टप्प्यांत पुढे येते. पूर्वी यात्रेकरूंच्या पिशवीत एकात एक बसणाऱ्या कड्यांचा जो घडीचा पेला असे, त्याच तत्त्वावर ही रचना आहे, फरक एवढाच की पेल्यात पाणी राहत असे आणि येथे धूळ. नळी पुढे सरकताना आतली जागा वाढते, वाढलेल्या जागेत बाहेरची हवा शिरते, हवेबरोबर वाळवंटे, जत्रा आणि समुद्रकिनारे आत येतात, आणि त्यांतील एखादा कण सेन्सरवर जाऊन स्थायिक झाला म्हणजे तेव्हापासूनच्या प्रत्येक आकाशात त्याच ठिकाणी एक करडा ठिपका उमटतो. एवढी काचसामग्री एवढ्याशा जाडीत बसवण्यासाठी अभियंत्यांनी केलेल्या क्लृप्त्या मात्र खरोखर वाखाणण्याजोग्या आहेत. पेन्टॅक्सच्या २००३ मधील ऑप्टिओ एस या कॅमेऱ्यात तर नळी मिटताना भिंगांचा एक गट रांगेतून बाहेर पडून बाजूला सरकतो आणि उरलेले गट त्याच्या जागेत मागे येतात. गर्दीच्या लोकलमध्ये हीच पद्धत फार पूर्वीपासून रूढ आहे, पण तिचे एकस्व कोणी घेतल्याचे दिसत नाही.

नळीला स्वतःचे मतही असते. काढलेली छायाचित्रे दाखवण्यासाठी पाहण्याचे बटण दाबले की काही सेकंदांनी, आता हे लोक छायाचित्रे काढणार नाहीत असा निष्कर्ष काढून, ती आत जाऊन बसते. आणि ज्या खंड्याचे आधीचे छायाचित्र मावशींना दाखवले जात होते तो खंड्या नेमक्या त्याच वेळी मासा घेऊन वर येतो.

परंतु या यंत्राचे खरे नाट्य त्याच्या पाठीवर घडते. मागील बाजूचा बहुतेक भाग तीन इंची पडद्याने व्यापलेला असतो, आणि पडदा मोठा असला पाहिजे हा आग्रह गिऱ्हाइकाचाच असल्यामुळे त्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. पडद्याच्या उजवीकडे बोटभर रुंदीची जी पट्टी शिल्लक राहते तिच्यावर चार दिशांचे चक्र, त्याच्या मध्यभागी होकाराचे बटण, त्याभोवती यादीचे, पाहण्याचे, दृश्यपटलावरील आकडे लपवण्याचे आणि वाय-फायचे अशी बटणे दाटीवाटीने नांदतात. याच पट्टीवर उजव्या हाताचा अंगठा ठेवावयाचा असतो. काही मॉडेलांत त्यासाठी वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपक्यांचा एक उंचवटा दिलेला आढळतो, त्यावर अंगठ्याचे अग्र मावते. उरलेला अंगठा कोठे ठेवावा याविषयी पुस्तिकेत मौन आहे. परिणामी कॅमेरा धरणे आणि कॅमेऱ्याला आज्ञा देणे या दोन क्रियांत भेद उरत नाही, आणि केवळ घट्ट धरल्याबद्दल फ्लॅश बंद होणे, दहा सेकंदांचा स्वयंचलित विलंब लागू होणे किंवा सर्व चित्रे तपकिरी छटेत येणे असे प्रकार घडतात.

या बाबतीत चलचित्राच्या लाल ठिपक्याचे बटण विशेष अभ्यासनीय आहे. चलचित्र केव्हाही तत्काळ सुरू करता यावे या सद्हेतूने ते अंगठ्याच्या किंवा तर्जनीच्या वाटेवर बसवलेले असते, आणि ते तत्काळ सुरू होतेही. अशा रीतीने निर्माण झालेल्या चलचित्रांचा एक स्वतंत्र वर्गच कौटुंबिक संग्रहांत आढळतो. त्यांत आधी फरसबंदी, मग चपला, मग पुन्हा फरसबंदी दिसते, पार्श्वभूमीला "अहो, पाण्याची बाटली तुमच्याकडे आहे की माझ्याकडे?" असा संवाद ऐकू येतो, आणि ज्या क्षणी खरे चलचित्र घेण्याच्या हेतूने ते बटण मुद्दाम दाबले जाते त्या क्षणी हे थांबते. त्यामुळे मिरवणुकीचे चित्रण हाती न येता मिरवणुकीकडे जाण्याचे आणि तेथून परतण्याचे सविस्तर चित्रण हाती येते. युरोपात विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांत असे चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबत असे, कारण अर्ध्या तासाचे सलग चित्रण करू शकणाऱ्या यंत्राला तेथील जकात व्हिडिओ कॅमेरा मानून जादा कर लावी. चपलांच्या चित्रणाला कोणी तरी कालमर्यादा घातली असेल तर ती युरोपच्या जकात खात्याने, ही नोंद त्याच्या श्रेयासाठी येथे करणे उचित होय.

बटणांना जागा कमी आणि कामे फार, यावरचा उपाय म्हणून एका बटणाला दोन-तीन कामे सोपवली जातात. ल्युमिक्स मालिकेतील अनेक मॉडेलांत एकच बटण छायाचित्र काढताना झटपट यादी उघडते, यादीत असताना एक पायरी मागे नेते आणि चित्रे पाहताना ती पुसून टाकते. मागे जाणे आणि नष्ट करणे या क्रिया तत्त्वज्ञानात जवळच्या मानल्या गेल्या असतील. परंतु साखरपुड्याची छायाचित्रे पाहत असताना "मागे जा" म्हणून ते बटण दाबणाऱ्याच्या समोर कचऱ्याच्या टोपलीचे चित्र आणि 'होय की नाही' असा प्रश्न उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात तत्त्वज्ञान नसते. निर्मात्याने तो प्रश्न विचारण्याची सोय ठेवली, हे उपकार मानले पाहिजेत.

फ्लॅशच्या जागेबद्दलही थोडे सांगावे लागते. काही छोट्या कॅमेऱ्यांत तो डाव्या कोपऱ्यात, म्हणजे डाव्या हाताची तर्जनी स्वाभाविकपणे जेथे विसावते नेमक्या तेथे, झाकणाखाली दडवलेला असतो आणि गरज भासताच, काहींत तर कॅमेरा सुरू करताच, वर उसळतो. त्याला बोटाचा अटकाव होतो, बोटाला त्याचा धक्का बसतो, आणि यंत्र व मालक दोघेही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहतात.

वरच्या तबकडीकडे आल्यावर विषय अधिक गंभीर होतो. ही दातेरी कडांची फिरती चकती कॅमेऱ्याची कार्यपद्धती ठरवते. तिच्यावर पी, ए, एस आणि एम ही चार अक्षरे असतात. पहिल्यात कॅमेरा छिद्र व वेळ दोन्ही ठरवतो, दुसऱ्यात मालक छिद्र ठरवतो, तिसऱ्यात वेळ, आणि चौथ्यात सर्व जबाबदारी मालकावर येते. या अक्षरांमुळे कॅमेऱ्याची किंमत वाढते आणि मालकाचा आत्मविश्वासही. प्रत्यक्षात तबकडी वर्षानुवर्षे 'स्वयंचलित'वर स्थिर असते, खिशात फिरून ती एम वर गेली तर तेवढा एक दिवस सर्व छायाचित्रे काळी येतात, आणि कॅमेरा बिघडला असे ठरून तो दुरुस्तीला नेण्याची चर्चा सुरू होते.

त्याच तबकडीवर प्रसंगविशेषांची एक जागा असते. प्रसंगविशेष म्हणजे विशिष्ट परिस्थितीसाठी आधीच जुळवून ठेवलेली मांडणी. बर्फ, समुद्रकिनारा, सूर्यास्त, आतषबाजी, तारांकित आकाश, मेणबत्तीचा प्रकाश, मेजवानी, खाद्यपदार्थ, पाळीव प्राणी आणि विमानाच्या खिडकीतून दिसणारे दृश्य असे पर्याय पाहिले म्हणजे, मनुष्यजीवनाची एवढी संपूर्ण वर्गवारी धर्मशास्त्राच्या ग्रंथांबाहेर अन्यत्र मिळणे कठीण, अशी खात्री पटते. टीझेड५ सारख्या मॉडेलांत तर 'बाळ १' आणि 'बाळ २' असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. प्रत्येकाची जन्मतारीख एकदा भरून ठेवली की छायाचित्रासोबत त्या दिवशीचे बाळाचे वय नोंदले जाते. तिसऱ्या बाळाची व्यवस्था नाही. भारत सरकारच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाने अनेक दशके जे सांगितले, ते जपानी अभियंत्याने यादीच्या एका ओळीत सांगून टाकले आहे. प्रवास सुरू झाल्याची तारीख भरल्यास आज सहलीचा कितवा दिवस हेही तो कॅमेरा सांगतो, आणि सहलीच्या उत्तरार्धात कुटुंबप्रमुखाच्या चेहऱ्यावर जो भाव दिसू लागतो त्याची तारीखवार नोंद त्यामुळे आपोआप राहते.

याच काळातील टीझेड३ व टीझेड५ मध्ये वेळापत्रके आणि नकाशे टिपून अंतर्गत स्मृतीत वेगळे ठेवण्याची सोय तबकडीवर दिलेली होती. बसस्थानकावरच्या फळ्याचे छायाचित्र काढून ठेवण्याची सवय जगाला पुढे मोबाइलने लागली, तिचा पाया येथे घातला गेला होता. पण त्या वेळी ती सोय कोणी वापरल्याचे ऐकिवात नाही, कारण तबकडीवरच्या त्या चित्राचा अर्थ समजण्यासाठी पुस्तिका वाचावी लागत असे आणि सविस्तर पुस्तिका सीडीवर असे.

घड्याळाचे प्रकरण याहून करुण आहे. बॅटरी काढून कॅमेरा काही महिने कपाटात पडला की आतला साठा संपून तारीख पुसली जाते, आणि पुन्हा सुरू करताच तो नम्रपणे तारीख विचारतो. परंतु कपाटातून कॅमेरा निघतो तो समारंभाच्या ऐन घाईत, म्हणून तो प्रश्न रद्द केला जातो. आणि अनेक कुटुंबांच्या संग्रहांत मुंज, गृहप्रवेश आणि काश्मीरची सहल ही सारी कार्ये एकाच वर्षाच्या १ जानेवारीला मध्यरात्रीच्या सुमारास भर उन्हात पार पडलेली दिसतात.

या सगळ्या गर्दीत दोन नियंत्रणे अशी आहेत की ज्यांच्या रचनेत दोष काढता येत नाही. पहिले म्हणजे शटरच्या बटणाभोवतीची झूमची कडी. तर्जनी बटणावर असतानाच ती उजवीकडे ढकलली की दूरचे जवळ येते, डावीकडे ढकलली की पुन्हा दूर जाते. चार वर्षांच्या मुलाला हे न शिकवता येते आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही. दुसरे म्हणजे खुद्द शटरचे बटण, जे दोन टप्प्यांत दाबले जाते. अर्धे दाबले असता कॅमेरा वस्तूवर नजर स्थिर करतो आणि प्रकाश मोजतो, पूर्ण दाबले असता चित्र टिपतो. ही योजना इतकी सुंदर आहे की तिच्याविषयी मालकाखेरीज कोणालाही माहिती नसते. "काका, आमचा एक फोटो काढता का?" असे म्हणून ज्या सद्गृहस्थाच्या हाती कॅमेरा सोपवला जातो, ते बटण एकदम शेवटपर्यंत दाबतात तरी, किंवा अर्ध्यावर नेऊन, हिरवी चौकट उमटून बारीक आवाज येताच, काम झाले असे समजून कॅमेरा परत देतात तरी. दोन्ही प्रसंगी आभार सारखेच मानावे लागतात.

लांब झूमचा खरा कस लागतो तो पक्ष्यावर. ७२० मिलिमीटरांच्या तोलाला दृश्याचा कर्णकोन साडेतीन अंशांहूनही कमी उरतो. पूर्ण चंद्र चौकटीच्या उंचीचा जवळपास पाव भाग व्यापतो, आणि झाडाच्या हजार फांद्यांपैकी फक्त एक दिसते, जिच्यावर पक्षी नसतो. आधी रुंद दृश्यात पक्षी हेरावा, मग कडी ढकलीत त्याच्याकडे जावे असे शास्त्र सांगते. परंतु वाटेत हात बोटभर हलला की कॅमेरा शेजारच्या झाडाकडे पोहोचतो, आणि मग "तो बघ, तो बघ, दुसऱ्या फांदीच्या वर, पिवळं पान आहे ना, त्याच्या डावीकडे" अशी जी दिशादर्शक सूचनावली सुरू होते ती पक्षी उडाल्यानंतरही काही काळ चालू राहते. कॅननने काही मॉडेलांत यासाठी एक खास बटण दिले, जे दाबून धरले की भिंग तात्पुरते मागे येऊन परिसर दाखवते आणि सोडले की पूर्वीच्या लांबीवर जाते. हे बटण डाव्या अंगठ्याजवळ किंवा पाठीवरच्या त्याच पट्टीत असते. हात थरथरण्यावर भिंगातील एक गट उलट दिशेला हलवून केलेला स्थिरीकरणाचा उपाय मात्र नि:संशय कामाचा आहे. नाही तर नाभीय अंतराच्या व्यस्त प्रमाणात वेळ ठेवावा या जुन्या नियमाने सेकंदाच्या सातशेविसाव्या भागात चित्र घ्यावे लागले असते, आणि एफ/६.४ च्या अंधारात संध्याकाळी पाच नंतर ते कोणालाच साधले नसते.

पक्ष्यासाठी आणि उन्हासाठी डोळ्याला लावावयाची खिडकी हवी, ही गोष्ट निर्मात्यांना २०१४ मध्ये पटली आणि टीझेड६० च्या कोपऱ्यात शेंगदाण्याच्या दाण्याएवढा व्ह्यूफाइंडर अवतरला. त्यातून जग फार लहान व फार दूर दिसे, तरी कॅमेरा कपाळाला टेकवल्याने त्याला तिसरा आधार मिळाला आणि लांब झूमची निम्मी चित्रे त्यामुळेच वाचली. २०१५ मध्ये त्याला डोळा ओळखणारा संवेदक जोडला गेला. डोळा जवळ आला की मागचा पडदा बंद आणि खिडकी चालू, अशी ती व्यवस्था असून कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून पडद्यात पाहणाऱ्या पोटधारी गृहस्थांच्या पोटालाही ती डोळाच समजते. पडदा अंधारतो, गृहस्थ बॅटरी संपली म्हणतात, आणि कॅमेरा इमाने इतबारे त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीला दृश्य दाखवीत राहतो.

२०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते आणि त्यांतील बहुसंख्य छोटे होते. २०२३ पर्यंत सर्व प्रकार मिळून हा आकडा ८० लाखांच्या खाली आला. मोबाइलने हे काम केले, आणि प्रकाश काटकोनात वळवून लांब भिंग पातळ पेटीत आडवे झोपवण्याची जी युक्ती टीझेड१ ने प्रवासासाठी वापरली होती, तीच मोबाइलवाल्यांनी पुढे वापरली. तरीही काचेने जवळ आणलेले दृश्य आणि गणिताने फुगवलेले दृश्य यांत जो फरक आहे तो चंद्रावर नाही तरी खंड्याच्या चोचीवर दिसतो, म्हणून हा वंश अजून निपुत्रिक झालेला नाही. २०२५ मध्ये टीझेड९९ बाजारात आला; त्यात नव्या पद्धतीचे यूएसबी-सी चार्जिंग आले आणि व्ह्यूफाइंडर काढून टाकण्यात आला. अंगठ्याच्या जागेत वाढ झाल्याचे दिसत नाही.

या व्यवहारात शहाणपणाचे काय, असे विचारल्यास उत्तर सोपे आहे. खिडकी असलेला जुना टीझेड७० किंवा टीझेड९५ सुस्थितीत मिळत असेल तर नव्यापेक्षा तो बरा. मात्र पैसे देण्यापूर्वी भिंग पूर्ण लांब करून पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र घ्यावे आणि ते पडद्यावर मोठे करून कोपऱ्यांसकट तपासावे. त्यात करडे ठिपके दिसल्यास कॅमेरा परत करावा, कारण ती धूळ सेन्सरवर असते आणि पेटी खोलल्याशिवाय निघत नाही.